बी एकटी येत नसते: बियांवरच्या जंतूंविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की फोन सुरू होतात. घर राजेंद्रनगरात नाहीतर रामबागेत आणि शेत सांवेर, देपालपूर किंवा महूकडे, अशी इंदूरची बरीच मराठी मंडळी आहेत. आजोबांनी घेतलेली दहा-वीस बिघे जमीन, वर्षभर ती वाटेकरी बघतो. पण पेरणीच्या वेळी मालकाला अचानक जाग येते आणि मग बियाण्याची चौकशी सुरू होते. मी बरीच वर्षं बियाणं तपासायच्या कामात काढली, म्हणून ही चौकशी माझ्या वाट्याला येते. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकतो. उदाहरणं माळव्याची, म्हणजे मुख्यतः सोयाबीन, गहू आणि हरभऱ्याची आहेत.

बी तर कोरडी, स्वच्छ दिसते. तिच्यावर जंतू असतात?

असतात. ते सालीवर असतात, सालीच्या चिरांत असतात, बी शेंगेला जिथे चिकटलेली असते त्या डोळ्यापाशी तर हमखास असतात, आणि काही थेट आत, डाळीत किंवा गर्भातही असतात. जिवाणू, बुरश्या, यीस्ट, क्वचित विषाणू. बी कोरडी असेपर्यंत बहुतेक सगळे झोपलेले असतात.

‘जंतू’ म्हटलं की आपल्याला औषधाची बाटली आठवते. इथे मी तो शब्द सगळ्यांसाठी वापरतोय, उपकारी, उपद्रवी आणि नुसतेच बसून राहणारे. यात बसून राहणाऱ्यांची संख्या मोठी असते.

ते बीवर येतात कुठून?

तीन वाटा आहेत. पहिली आईकडून: झाडाच्या रसवाहिन्यांतून जंतू शेंगेच्या देठात, तिथून बीत जातात. दुसरी फुलातून: वाऱ्याने, पावसाने, मधमाशीने आणलेला जंतू फुलात उतरतो आणि बी घडतानाच आत शिरतो. तिसरी वाट काढणीनंतरची. मळणीयंत्र, खळ्यावरची माती, जुना बारदाना, गोदामाची भिंत.

या तिन्ही वाटा वेगळ्या लक्षात ठेवायचं कारण असं की उपायही वाटेप्रमाणे बदलतो. बाहेर चिकटलेल्यावर सालीवर लावलेलं औषध चालतं. गर्भात बसलेल्याला ते शिवतही नाही.

एका पोत्यातल्या सगळ्या बियांवर सारखेच जंतू असतात ना?

नाही, आणि मला हा भाग सगळ्यात मजेशीर वाटतो. मूठभर बिया एकत्र वाटून तपासल्या की जंतूंच्या कितीतरी जाती निघतात. म्हणून वर्षानुवर्षं समज असा होता की प्रत्येक बीवर एक गजबजलेलं गाव नांदतं. फ्रेंच संशोधकांनी घेवडा आणि मुळा यांची एकेक बी वेगळी तपासली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसलं ते वेगळंच. बहुतेक बियांत जिवाणूंची एखादीच जात वरचढ होती, आणि शेजारच्या बीत दुसरीच. थोडक्यात, पोतं म्हणजे गाव, आणि बी म्हणजे एकेक घर, ज्यात बहुधा एकच कुटुंब राहतं.

एकाच शेतात, एकाच ओळीत, एक रोप तरारतं आणि शेजारचं मान टाकतं, याची कारणं अनेक असतात. खोली असते, ओल असते, मळणीत बसलेला मार असतो. पण बीबरोबर कोण आलं होतं, हेही त्यातलं एक कारण आहे.

पेरल्यावर पहिल्या दिवशी जमिनीत नेमकं काय घडतं?

याला जरा वेळ देतो, कारण पुढची सगळी उत्तरं यावर उभी आहेत.

ओल लागली की बी पाणी ओढून घ्यायला लागते. कोरडेपणात आकसलेल्या तिच्या पेशींची आवरणं पूर्ववत होईपर्यंत गळकी असतात. त्या काही तासांत बीतून साखर, अमिनो आम्लं, मेदाम्लं बाहेर पाझरतात. बीभोवती काही मिलिमीटरच्या मातीत अचानक जेवणाची पंगत मांडली जाते. लग्नघरचा वास जसा सराफ्याच्या गल्लीपर्यंत जातो, तशी ही बातमी मातीत पसरते. सगळ्यात आधी धावतात ते पिथियमसारखे रोपमर करणारे जीव. ते मातीत बीजाणूंच्या रूपात दबा धरून असतात आणि बीचा पाझर लागताच काही तासांत उगवून बीवर चाल करतात. साल फाटलेली, मळणीत चिरलेली बी जास्त पाझरते, म्हणून तिच्यावर गर्दीही जास्त.

आता बीवर आधीपासून बसलेल्या जंतूंचा फायदा बघा. पंगत त्यांच्या दारातच वाढली जाते. मातीतल्याला वास घेत यावं लागतं, हे आधीच पाटावर बसलेले. काकडीच्या बियांवर केलेल्या प्रयोगांत एंटेरोबॅक्टर क्लोअके नावाचा एक जिवाणू सापडला. तो पिथियमला मारत नाही, त्याच्याशी झुंजतही नाही. बीतून पाझरणारी लिनोलिक आम्लासारखी मेदाम्लं तो खाऊन टाकतो. पिथियमच्या बीजाणूला जाग येते ती नेमकी या मेदाम्लांमुळे. वासच आला नाही, तर पाहुणा उठतच नाही. बी शेजारून निघून जाते आणि दारातल्या चोराला पत्ताही लागत नाही.

पण यात सगळा खेळ वेळेचा आहे. तोच जिवाणू बारा-पंधरा तास उशिरा पोहोचला, तर पिथियम जागा होऊन कामाला लागलेला असतो. म्हणूनच पेरणी झाल्यावर चार दिवसांनी ‘आता वरून एखादं जिवाणू कल्चर (पुडीत विकतात ते जिवंत जिवाणू) सोडू का’ असं कोणी विचारलं, की मला हसू आवरत नाही.

चांगला जंतू वाईटाला आवरतो म्हणजे काय करतो?

वर सांगितलेली उपाशी ठेवण्याची तऱ्हा ही एक झाली. स्यूडोमोनास फ्लुरोसन्स लोह पकडून ठेवणारी द्रव्यं सोडतो आणि बुरशीला लोह मिळू देत नाही. शिवाय त्याच्या काही वाणांत बुरशी मारणारी रसायनं तयार होतात. बॅसिलस सबटिलिसचंही तसंच, वर त्याचे बीजाणू चिवट असल्याने तो पुडीत जास्त टिकतो. ट्रायकोडर्मा ही बुरशी तर दुसऱ्या बुरशीच्या धाग्याला वेटोळं घालून, तिची भिंत विरघळवून तिला खाते. १९३२ मध्ये वाइन्डलिंग या शास्त्रज्ञाने हे पहिल्यांदा मांडलं.

आणखी एक रीत जास्त गमतीची आहे. चीनमध्ये भाताचा एकच वाण, पण काही भागांत रोपं करप्याला बळी पडायची आणि काही भागांत तगायची. वाण तोच, मग फरक कुठला? बियांतून पिढ्यानपिढ्या चालत आलेला स्फिंगोमोनास मेलोनिस हा जिवाणू तगणाऱ्या रोपांत होता. तो अँथ्रानिलिक आम्ल सोडतो. रोगकारक बर्खोल्डेरिया त्याने मरत नाही. त्याची विष तयार करायची यंत्रणाच थंड पडते. हे काम २०२१ साली प्रसिद्ध झालं. आपण ज्याला ‘वाणाची ताकद’ म्हणत आलो, तिच्यातला काही भाग वाणाचा नसून त्याच्या बीत राहणाऱ्या भाडेकरूचा असतो, हे पचायला मला बराच वेळ लागला.

म्हणजे जंतू एक तर चांगला, नाहीतर वाईट. बरोबर?

चूक. फ्युजेरियमच्या काही जाती हरभऱ्याला मर लावतात, काही बीवर आयुष्यभर गप्प बसतात. चारकोल रॉट करणारी मॅक्रोफोमिना सोयाबीनच्या बीवर असली तरी ओल नीट असलेल्या वर्षी ती दिसतच नाही. ऑगस्टमध्ये पंधरा-वीस दिवस पावसाने ओढ दिली, झाड तहानलं, की तीच खोड पोखरून राखेच्या रंगाचं करून टाकते. जंतू तोच, बी तीच, फरक पावसाचा.

उलट उदाहरण फेस्क्यू गवताचं. त्याच्या बीतून एपिक्लोई ही बुरशी पिढीकडून पिढीकडे जाते. गवताला ती किडीपासून वाचवते, दुष्काळात तगवते. गवत खाणाऱ्या गाईला मात्र तीच आजारी पाडते, कारण किडीला पळवणारी तिची अल्कलॉइडं गाईच्या पोटात जातात. अमेरिकेत पशुपालकांनी हे वर्षानुवर्षं सोसलं, १९७०च्या दशकाच्या अखेरीस दोष बुरशीचा आहे हे कळलं. तेव्हा गवताला विचाराल तर ती चांगली, गाईला विचाराल तर वाईट.

सोयाबीनच्या काही बिया जांभळ्या दिसतात. फेकून द्यायच्या?

सर्कोस्पोरा किकुची या बुरशीचा तो रंग आहे. बघायला भयंकर, पण एवढ्याने बहुधा उगवण फारशी बिघडत नाही. बियाणं म्हणून ठेवायचंय तर हाताने निवडून काढा, घरात बसून सहज होतं.

खरी काळजी करायची ती खडूसारख्या पांढुरक्या, सुरकुतलेल्या, चिरा गेलेल्या बियांची. ती फोमोप्सिस या बुरशीची खूण. शेंगा पिकल्या आणि परतीच्या पावसाने काढणी आठ-दहा दिवस लांबवली, की हमखास. तिचा एक विचित्र गुण आहे. साठवणीत ती हळूहळू मरते, त्यामुळे ऑक्टोबरात वाईट उगवलेलं बियाणं मे महिन्यात थोडं बरं उगवलेलं मी पाहिलंय. लोकांना वाटतं बियाणं सुधारलं. सुधारलं काही नाही, आतला पाहुणा वारला.

मग शेतातल्या बुरश्या साठवणीत मरतात, तर साठवणीत काळजी कशाची?

दुसऱ्या टोळीची. अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम. या शेतात फारशा नसतात, गोदामात येतात आणि इतक्या थोड्या ओलीत जगतात की शेतातल्या बुरशीला ते जमणार नाही. सोयाबीनच्या बियाण्यासाठी साध्या पोत्यात जास्तीत जास्त १२ टक्के ओलावा चालतो, असा सरकारी मापदंड आहे. त्यापेक्षा ओलं ठेवलं की जुलैपर्यंत आत कुबट वास येतो. एक जुना ठोकताळा आहे, हॅरिंग्टन या शास्त्रज्ञाचा: ओलावा १ टक्क्याने उतरला की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट, तापमान ५ अंशांनी उतरलं तरी दुप्पट. शीतगृह सगळ्यांच्या हातात नाही, पण बियाणं नीट वाळवणं हातात आहे.

पोती जमिनीवर नको, लाकडी फळ्यांवर ठेवा. भिंतीला टेकवू नका. एकावर एक चार-पाचपेक्षा जास्त रचू नका, आणि सोयाबीनचं पोतं ट्रॉलीतून खाली आपटणाऱ्या हमालाला दोन रुपये जास्त द्या पण आपटू देऊ नका. सोयाबीनची साल पातळ असते आणि गर्भ सालीला लागूनच असतो. एका आपटण्यात गेलेली चीर डोळ्याला दिसत नाही. पण जंतूला दिसते.

रासायनिक औषध लावून बी पूर्ण निर्जंतुक केली, तर सगळी भानगडच मिटेल ना?

प्रयोगशाळेत करून बघितलंय. बी निर्जंतुक, माती निर्जंतुक, तर रोप छान येतं. पण शेतातली माती निर्जंतुक नसते. तिथे अशी बी म्हणजे दार सताड उघडं ठेवलेलं रिकामं घर. पहिला येईल तो आत, आणि पहिला येणारा पिथियम असेल तर?

आपल्याकडे निमाडात याचं एक ओळखीचं रूप दिसतं. कापसाच्या सरकीवरची लव गंधकाम्लाने जाळतात. त्याने सरकी सुटसुटीत होते, लवेतले कोनी ठिपक्यांच्या रोगाचे जिवाणूही जातात, हा फायदा खरा. पण त्याबरोबर सालीवरची बाकीची वस्तीही जाते. म्हणून आम्ल धुवून वाळवलेल्या सरकीला पेरणीआधी काहीतरी लावणं जास्त गरजेचं असतं.

गव्हाची बी तपासली, स्वच्छ होती, तरी शेतात काजळी आली. बियाणं विकणाऱ्याने फसवलं का?

बहुधा नाही. काजळी म्हणजे ओंबीत दाण्याऐवजी काळी भुकटी करणारी बुरशी, आणि ती गर्भात बसणाऱ्यांपैकी आहे. गेल्या हंगामात गहू फुलोऱ्यात असताना शेजारच्या काजळलेल्या ओंबीतली काळी भुकटी वाऱ्याने फुलात पडली, बीजाणू रुजला आणि गर्भात जाऊन झोपला. दाणा भरला टपोरा, वजनदार, चकचकीत. चाळणीने, पाण्याने, डोळ्याने, कशानेच तो वेगळा करता येत नाही. पेरल्यावर बुरशी कोंबाच्या शेंड्याबरोबर वर चढत राहते आणि ओंबी बाहेर येते तीच काळी.

रासायनिक वाट म्हणजे कार्बोक्सिनसारखं आंतरप्रवाही (बीच्या आत शिरणारं) बुरशीनाशक, किलोला २ ते २.५ ग्रॅम. पण याची जुनी, बिनखर्चाची वाट पंजाबात जय चंद लुथरा यांनी १९३०च्या दशकात घालून दिली. ऐन उन्हाळ्यात सकाळी चार तास बियाणं पाण्यात भिजवायचं आणि दुपारी कडक उन्हात पातळ पसरून वाळवायचं. भिजल्याने गर्भातली झोपलेली बुरशी जागी होते, आणि जागी झालेली बुरशी उन्हाचा मारा सोसू शकत नाही. झोपलेली सोसते. शत्रूला आधी उठवून मग मारायचं, असा हा हिशेब.

इंदुरात एक अडचण आहे. आपण पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर. पंजाबइतकं ऊन इथे रोज मिळत नाही. ज्या दिवशी पारा चाळिशीच्या वर आणि आकाश निरभ्र, तोच दिवस धरा. आणि कृपा करून हे सोयाबीनवर करू नका. भिजवून वाळवलेलं सोयाबीन बियाणं राहत नाही, फार तर भाजी होते.

शेतात काळी ओंबी दिसली तर आधी तिच्यावर कागदी पिशवी घाला, मग उपटा. नुसती ओढली तर भुकटी पुढच्या वर्षाच्या बियाण्यावर तुम्हीच उडवता.

सोयाबीनला रायझोबियम दरवर्षी लावायचं का? गाठी तर आपोआप येतात.

आधी एक गोष्ट सांगतो. रायझोबियम म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र झाडाला देणारा जिवाणू. सोयाबीनचा हा जिवाणू, ब्रॅडीरायझोबियम जपोनिकम, सहसा बीबरोबर येत नाही. तो मातीत असावा लागतो किंवा आपण बीवर चढवावा लागतो. सोयाबीन माळव्यात मोठ्या प्रमाणावर पसरलं ते १९७०च्या दशकात. त्याआधी इथल्या काळ्या मातीत त्याचा जोडीदार फारसा नव्हता. आता इतक्या वर्षांच्या पेऱ्याने बऱ्याच शेतांत तो रुळला आहे, म्हणून न लावताही गाठी दिसतात.

तरी लावा, विशेषतः ज्या शेतात तीन-चार वर्षं सोयाबीन नव्हतं तिथे. खर्च चहाच्या दोन कपांचा. लावल्यावर तपासाही. पेरल्यापासून ३५ ते ४५ दिवसांत दोन-चार रोपं मातीसकट खणून काढा (उपटू नका, गाठी मातीत राहतात) आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती नुसतीच बसलेली आहे. युरिया जास्त पडला असेल तरी झाड गाठींना भाव देत नाही. घरात आयता डबा येत असेल तर चूल कोण पेटवणार?

बुरशीनाशक, कीटकनाशक, रायझोबियम, पीएसबी (मातीतला स्फुरद विरघळवणारे जिवाणू), ट्रायकोडर्मा. सगळं एकदमच घमेल्यात कालवलं तर वेळ वाचेल.

वेळ वाचेल, जिवाणू मरतील. दरवर्षी सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त न ऐकला जाणारा सल्ला हा.

क्रम आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि शेवटी जिवाणू. पहिली दोन आदल्या दिवशी किंवा बरीच आधी लावून, वाळवून ठेवली तरी चालतात. रायझोबियम आणि पीएसबी पेरणीच्या दिवशी, सावलीत, आणि लावल्यावर काही तासांत बी जमिनीत. लिटरभर पाण्यात १०० ते १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करायचा, तो चिकट रस बीला जेमतेम ओलावा येईल एवढाच शिंपडायचा, वर पुडीतलं कल्चर, साधारण किलोला ५ ग्रॅम. हलक्या हाताने. सोयाबीन चोळलं की साल निघते.

ट्रायकोडर्माचं वेगळं. ती स्वतःच बुरशी आहे, हे लोक विसरतात. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलेल्या बीवर ट्रायकोडर्मा लावणं म्हणजे विष घातलेल्या ताटावर पाहुणा बसवणं. दोघांपैकी एक निवडा. माझा कल असा: घरचं, नीट वाळलेलं, उगवण चांगली असलेलं बियाणं असेल तर ट्रायकोडर्मा, किलोला ५ ते १० ग्रॅम, आणि त्यावर रायझोबियम. काढणीत भिजलेलं, शंकेचं बियाणं असेल तर रासायनिक बुरशीनाशक, आणि रायझोबियम शेवटी, पेरणीच्या तोंडावर. जिवाणूंना थायरम, कॅप्टान ही बुरशीनाशकं झोंबतात, म्हणून मधला वेळ जितका कमी तितकं बरं.

कल्चर लावलं, पण फरक काहीच दिसला नाही.

पुडी कधीची होती? एकदा मी स्वतः एका दुकानातून घेतलेली पुडी घरी येऊन उलटी केली तर मुदत मार्चमध्येच संपलेली. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, पावडर आहे, पावडरला काय होतं?’ पावडरला काही होत नाही, आतल्यांना होतं. पत्र्याच्या छपराखाली, मे महिन्यात, उन्हाच्या खिडकीत ठेवलेल्या पुडीत जिवाणूंची स्मशानशांतता असते. मुदत बघा, पुडी माठाजवळ गार जागी ठेवा, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर नाही.

दुसरं कारण गर्दीचं. बीवर आणि मातीत आधीपासून बसलेले नव्याला सहजी जागा देत नाहीत. पुडीतला जिवाणू गावात नवा असतो. कधी रुजतो, कधी आठवड्यात हुसकला जातो. म्हणून एका शेतात जादू आणि शेजारच्यात शून्य.

बीजामृत चालेल का?

शेण, गोमूत्र, चुना, मूठभर बांधावरची माती. त्यात जिवंत जिवाणू भरपूर असतात, बॅसिलस आणि स्यूडोमोनास कुळातलेही. पण कोणते आणि किती, हे प्रत्येक बादलीगणिक बदलतं. गहू, हरभऱ्याला मी नको म्हणत नाही. सोयाबीन मात्र त्यात बुडवू नका. साल फुगून सुटते आणि ओल्या बीची उगवण बसते. नुसता हात फिरवा, लगेच सावलीत पसरा. आणि त्यानंतर वरून बुरशीनाशक लावायचं नाही, मग एवढा खटाटोप कशासाठी केला?

गेल्या वर्षीचा रोगट भुसा शेतातच पडलाय. तो बीला लागेल?

लागू शकतो. अँथ्रॅक्नोज, चारकोल रॉट वगैरे रोगांच्या बुरश्या भुशात, धसकटांत टिकतात आणि तिथून पुढच्या पिकाच्या शेंगांवर, शेंगांतून बीवर. जाळू नका, कुजवा. यात इंदूरला बाहेरून शिकण्याची गरज नाही. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ मध्ये इथे आले, होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली, आणि हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ मध्ये जी खतपद्धती लिहून काढली, तिला जगभर इंदूर पद्धत म्हणतात. थर लावायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी पलटायचं. नीट रचलेला ढीग आतून इतका तापतो की त्यात हात ठेववत नाही, आणि त्या उष्णतेत भुशावरचे बहुतेक रोगजंतू संपतात. पलटायचं ते यासाठीच की बाहेरची कड आत जावी. आपल्याकडे ढीग रचला जातो, पलटला जात नाही. नाव आपल्या गावाचं, मेहनत दुसऱ्या देशांत.

घरच्या घरी बियाणं कसं तपासू?

ओल्या गोणपाटावर १०० बिया ओळीने मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज शिंपडा, पण चिंब करू नका. सोयाबीनचे पाचव्या दिवशी एकदा आणि आठव्या दिवशी शेवटचे मोजा. धड मूळ आणि धड कोंब असलेलेच धरा, वाकडे-तुटके नाहीत. ७० किंवा जास्त आले तर मापदंडात बसलं. साठच्या आसपास असेल तर पेऱ्याला बी वाढवा. त्याखाली असेल तर कारखान्याला विका.

मोजताना न उगवलेल्या बियांकडेही बघा, लोक त्या फेकून देतात. पांढरा कापूस चढलेली, हिरवी-काळी भुकटी धरलेली, लिबलिबीत होऊन वास मारणारी, आणि काही न होता नुसती टणक राहिलेली. पहिल्या तीन जंतूंच्या तक्रारी, चौथी नुसती कडक साल. हीच तपासणी प्रयोगशाळेत ब्लॉटर पद्धतीने करतात. ४०० बिया, ओल्या टीपकागदावर एका बशीत २५, सुमारे २२ अंशांवर, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार, सात दिवस. मग एकेक बी सूक्ष्मदर्शकाखाली. माझे डोळे त्यातच गेले.

औषध लावलेलं लाल बियाणं उरलं. धुऊन मंडईत विकू? गाईला घालू?

नाही. दोन्हीला नाही. धुतल्याने रंग जातो, औषध राहतं.

आमचं शेत नाही. पण मटकीला मोड आणतो, तिच्यावरच्या जंतूंचं काय?

ज्या उबेत, ओलीत मोड येतात त्याच उबेत बीवरचे जंतूही वाढतात, आणि त्यातले काही माणसाचे असू शकतात. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या एका वाणाने जवळपास चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून जास्त दगावले. माग काढत गेल्यावर तो इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत पोहोचला. मोड आलेली मेथी कच्चीच खाल्ली गेली होती. जंतू बीच्या चिरांत बसलेले असले की नुसत्या धुण्याने निघत नाहीत.

आपली उसळ शिजते, त्यामुळे सकाळी पोह्यांवर उसळ घालून खाणाऱ्या इंदूरकराला धास्ती नको. मूग-मटकीचे कच्चे मोड कोशिंबिरीत घालायचे असतील, तर उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढा. घरात गरोदर बाई, तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर त्यांच्या ताटात शिजवलेलेच वाढा.

यंदा पाऊस १० जूनलाच झाला. पेरून टाकू?

किती झाला ते आधी मोजा. माळव्यात साधारण १०० मिलिमीटर होऊन जमीन खोलवर भिजल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, हा सल्ला जंतूंच्या हिशेबानेही बरोबर आहे. अर्धवट ओलीत बी पाणी ओढते, पाझरते, पंगत वाढली जाते, पण कोंब वर येण्याइतकी ओल नसते. बी तिथेच अडकते. आणि पंगतीला बसलेल्यांना घाई नसते.